वसमतचा अल्बम राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत : किती पैसे लागतात आणि ते कुठे घालावेत

सहा गाण्यांचा, अर्ध्या तासाहून थोडा मोठा, पूर्णपणे स्वतःच्या मालकीचा अल्बम वसमतमध्ये राहून तयार करायचा आणि तो स्वतंत्र संगीताच्या राष्ट्रीय पुरस्काराला पाठवायचा, तर एक लाख चाळीस हजार रुपयांची तयारी ठेवावी. त्यातले प्रवेश शुल्कापोटी दहा हजारांहून जास्त जाऊ देऊ नयेत. बाकी सगळा पैसा आवाजावर, साथीदारांच्या बिदागीवर आणि कागदपत्रांवर खर्च व्हावा. आपल्या भागात नेमकं उलटं होतं. व्हिडिओसाठी ड्रोन आणि दोन कॅमेरे लावले जातात, ध्वनिमुद्रण मात्र एका दुपारी उरकलं जातं. अल्बमच्या पुरस्कारात परीक्षक कानाने निवड करतात. त्यांच्यासमोर ड्रोनने टिपलेला हळदीचा मळा येतच नाही.

हा खर्च करावा असं मला मनापासून वाटतं, कारण द्यायला आपल्याकडे भरपूर आहे. संत नामदेवांचं नरसी आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तासाभराच्या आत, जनाबाईंचं गंगाखेड शेजारच्या परभणीत. गोंधळ, भारूड, वासुदेव, वारकरी भजन, भीमगीतं ही सगळी परंपरा गावागावात आजही जिवंत आहे. पण ती यूट्यूबवर सुट्या गाण्यांत विखुरली आहे. एका सूत्रात बांधलेला, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकावासा वाटेल असा अल्बम मराठवाड्यातून फार कमी निघतो. आणि पुरस्कार तर अल्बमलाच असतो.

पुरस्कार कोणता, आधी ते ठरवा

सगळ्या पुरस्कारांचे नियम सारखे नसतात. काही ठिकाणी कलाकाराने अर्जच करायचा नसतो. कॅनडात २००६ पासून दिला जाणारा पोलारिस पुरस्कार याचं चांगलं उदाहरण. संगीतावर लिहिणारे आणि रेडिओवर बोलणारे परीक्षक स्वतःच आवडते अल्बम सुचवतात, मतं देतात आणि कलाकाराकडून प्रवेश शुल्क घेतलं जात नाही. ब्रिटनमधला मर्क्युरी पुरस्कार १९९२ पासून वर्षातल्या एका अल्बमला मिळतो, तिथे मात्र प्रवेशिका पाठवावी लागते. निव्वळ स्वतंत्र कंपन्यांच्या संगीतासाठी ब्रिटनमध्ये २०११ पासून एआयएम पुरस्कार आहेत आणि अमेरिकेत २०१२ पासून लिबेरा. पोलारिस कॅनडाच्या कलाकारांसाठी आहे, मर्क्युरी ब्रिटन आणि आयर्लंडच्या. त्यामुळे वसमतकराने त्यांच्यामागे पैसे घालण्यात अर्थ नाही. पण चांगला पुरस्कार कसा चालतो, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

भारतात रेडिओ सिटीने २०१३ मध्ये स्वतंत्र संगीतासाठी फ्रीडम अवॉर्ड्स सुरू केले. बंगळुरूची टोटो फंड्स द आर्ट्स ही संस्था २००४ मध्ये उभी राहिली. तिशीच्या आतल्या तरुण कलाकारांना ती जे पुरस्कार देते, त्यांत संगीतही आहे. तुमच्या मंडळात विशी-पंचविशीतली मुलं-मुली असतील, तर हे नाव वहीत लिहून ठेवा. कुठलाही पुरस्कार असला, तरी त्या वर्षीच्या प्रवेशिका सुरू आहेत का, भाषेची अट आहे का, वयाची आहे का आणि शुल्क किती, या चार गोष्टी अधिकृत नियमावलीतूनच बघा. व्हॉट्सअॅपवर फिरणारी जाहिरात म्हणजे नियमावली नव्हे.

ग्रॅमीचं नाव घेतल्याशिवाय हा विषय कुणी संपवू देत नाही, म्हणून तेही सांगतो. तिथे कलाकार परस्पर अर्ज करू शकत नाही. रेकॉर्डिंग अकादमीचा सदस्य किंवा तिच्याकडे नोंदणी केलेली कंपनीच प्रवेशिका पाठवते. ‘तुमचं गाणं ग्रॅमीला पाठवतो, पंचवीस हजार द्या’ असं कुणी म्हणालं, तर तो कोणत्या कंपनीच्या नावाने पाठवणार आणि त्याची पोच काय देणार, हे आधी लेखी मागा. ग्रॅमीची एक गोष्ट मात्र उपयोगी आहे : अल्बम कशाला म्हणायचं, याची तिची व्याख्या. निदान पाच वेगवेगळी गाणी आणि मिळून १५ मिनिटं, किंवा गाणी कितीही असोत, ३० मिनिटं. शिवाय ७५ टक्क्यांहून जास्त वेळ नव्या, आधी प्रसिद्ध न झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हवा. म्हणजे यूट्यूबवरची जुनी गाणी एकत्र करून अल्बम उभा राहत नाही. सहा गाणी, प्रत्येकी पाच-सहा मिनिटांची, हा बेत धरला तर बहुतेक ठिकाणी अडचण येणार नाही. भजनाला आणि गोंधळाला तेवढा वेळ लागतोच.

मालकी गेली की पुरस्कारही गेला

स्वतंत्र अल्बमच्या पुरस्कारात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असतो, ध्वनिमुद्रणाची मालकी कुणाची? युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन बड्या जागतिक कंपन्यांच्या ताब्याबाहेरचं संगीत ते स्वतंत्र, असं ढोबळमानाने धरलं जातं.

आपल्याकडे संकट वेगळ्या वाटेने येतं. एखादा यूट्यूब चॅनल किंवा भक्तिगीतांची कंपनी म्हणते, रेकॉर्डिंग फुकट करून देतो, वर पाच हजार देतो, फक्त इथे सही करा. त्या कागदावर ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क, कायमचे, जगभरासाठी’ असं लिहिलेलं असतं. सही झाली की गाणं तुमचं राहत नाही. ते पुरस्काराला पाठवायचं की नाही, कुणाच्या नावाने पाठवायचं, हे तो मालक ठरवतो. फुकट रेकॉर्डिंगची किंमत सगळ्यात जास्त पडते, हे मी आपल्या भागातल्या प्रत्येक भजनी मंडळाला आणि भीमगीत गायकाला हात जोडून सांगेन.

सही आधीच झाली असेल तर निदान हे जाणून घ्या : कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराला वापरापोटी मिळणाऱ्या रॉयल्टीत समान वाटा आहे आणि तो कागदावर सोडूनही देता येत नाही. वारसांना किंवा स्वामित्व संस्थेला तो देता येतो, कंपनीला नाही. ही वसुली गीतकार-संगीतकारांसाठी १९६९ पासून काम करणारी आयपीआरएस ही संस्था करते. गायक-वादकांसाठी इसाम्रा आहे. गीतकाराने आणि संगीतकाराने आयपीआरएसचं सदस्य व्हावं, हे अल्बमच्या आधीच उरकून घ्यावं.

रेकॉर्डिंग : कधी, कुठे, किती

तारीख आधी पंचांगात शोधा. लग्नसराईत ढोलकीवाला मिळत नाही. आषाढीच्या आधी टाळकरी वाटेवर असतात, श्रावणात सप्ते, मग गणपती. नवरात्रात गोंधळी मोकळा नाही. भीमगीतं गाणाऱ्यांचे १४ एप्रिल, ६ डिसेंबर आणि १४ जानेवारीच्या आसपासचे दिवस आधीच ठरलेले असतात. उरतो पितृपक्षाचा पंधरवडा. त्या दिवसांत सुपाऱ्या नसतात, साथीदार निवांत असतात, स्टुडिओलाही काम कमी असतं, दर बोलून खाली आणता येतो. माझ्या मते वसमतच्या अल्बमसाठी वर्षातले हेच सर्वोत्तम दिवस. घरी रेकॉर्डिंग करणार असाल, तर फेब्रुवारीपासून मेपर्यंत विसराच. हळद शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं सुरू असतं. पॉलिशच्या ड्रमची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरली, की ती काढता काढता आवाजाचं सत्त्व जातं. पत्र्याच्या छपराखालीही नको, पावसाची एक सर आली की टेक वाया.

वसमतहून सोयीचं मोठं शहर नांदेड, चाळीसेक किलोमीटरवर. तिथल्या किंवा परभणीच्या मध्यम स्टुडिओचा तासाचा दर अंदाजपत्रकात सहाशे रुपये धरा. पुण्या-मुंबईत हाच दर हजारापासून तीन हजारांपर्यंत जातो आणि राहण्याखाण्याचा खर्च वेगळा. सहा गाण्यांना आठ-आठ तासांचे चार दिवस पुरतात : तीन दिवस सगळ्यांनी मिळून वाजवायचं, चौथा दिवस गायकाच्या दुरुस्त्यांसाठी. म्हणजे ३२ तास, १९,२०० रुपये. स्टुडिओ जीएसटी नोंदणीकृत असेल तर वर १८ टक्के, म्हणजे ३,४५६ रुपये चढतील. दर विचारतानाच ‘जीएसटी धरून की सोडून?’ हे विचारायला विसरू नका. दर तासावर असेल, तर माइक लावायला आणि आवाज जुळवायला जाणारा पहिला दीड तास मोजायचा की नाही, तेही आधीच बोला. यावरून शेवटच्या दिवशी वाद होतात.

चार दिवस पुरतात असं म्हटलं, ते तालीम झालेली असेल तर. स्टुडिओत बसून चाल बसवायला लागलात, तर दहा दिवसही पुरणार नाहीत. तालीम गावात, मंदिराच्या सभामंडपात, चहा-फराळाच्या खर्चात होते. तिच्यासाठी ५,००० रुपये बाजूला काढा आणि प्रत्येक तालीम मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी ऐका. या पाच हजारांनी स्टुडिओतले पंधरा हजार वाचतात.

साथीदारांची बिदागी हा असा आकडा आहे, ज्यात कुणी काटकसर करू नये. ढोलकी किंवा पखवाज, संबळ, हार्मोनियम, टाळ आणि एक कोरस सांभाळणारा, असे पाच जण, तीन दिवस, दिवसाला दीड हजार रुपये, एकूण २२,५००. घरचीच माणसं आहेत, जेवण दिलं म्हणजे झालं, हा विचार सोडा. ज्याला पैसे मिळालेत तो चौथ्यांदा टेक द्यायला कुरकुरत नाही. इसार आधी द्या, उरलेले शेवटच्या दिवशी रोख हातात द्या आणि वहीत सही घ्या. ती सही पुढे कागदपत्रांतही उपयोगी पडते.

प्रवासाचं म्हणाल, तर एसटीने वसमत-नांदेड शंभराच्या आत जाता येतं. महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत. एखाद्या जुन्या जाणत्या गोंधळ्याला किंवा भजनी बुवांना घेऊन जाताना ही सवलत ध्यानात ठेवा. पण संबळ, पखवाज, हार्मोनियम घेऊन एसटीत चढणं म्हणजे वाद्याला धक्के. भाड्याची जीप दिवसाला अडीच हजार धरली तर चार दिवसांचे १०,००० होतात, जेवणखाण ४,८००.

घरीच रेकॉर्डिंग केलं तर? दोन माइक जोडता येतील असा ऑडिओ इंटरफेस पंधरा ते अठरा हजारांना, बऱ्यापैकी कंडेन्सर माइक आठ-दहा हजारांना, स्टँड, केबल आणि बंद कानांचा हेडफोन मिळून सहा-सात हजारांना. म्हणजे तीस ते पस्तीस हजार. सॉफ्टवेअरवर खर्च करायची गरज नाही. ऑडॅसिटी फुकट आहे आणि रीपर ६० दिवस वापरून पाहता येतं, नंतर त्याचा सवलतीचा परवाना ६० डॉलरला मिळतो. आता हिशेब मांडा : स्टुडिओ, जीप आणि बाहेरचं जेवण मिळून ३४,००० रुपये वाचले आणि तेवढेच सामानात गेले. पहिल्या अल्बमला घरचं रेकॉर्डिंग स्वस्त पडत नाही, दुसऱ्यापासून पडतं. एकट्याने गिटारवर गाणाऱ्या किंवा रॅप करणाऱ्या मुलाला हा मार्ग उत्तम. पण भजन आणि गोंधळ एकमेकांच्या श्वासावर चालतात. दोन माइकांच्या यंत्रावर आधी ढोलकी, मग गायक, मग कोरस असं तुकड्या-तुकड्यांनी घेतलं, की ते एकत्र वाजत नाहीत, एकमेकांवर ठेवल्यासारखे वाटतात. समूहाच्या संगीताला आठ किंवा जास्त माइकांची सोय असलेली खोलीच हवी.

मिक्सिंगमध्ये घाई नको

रेकॉर्डिंगनंतर बहुतेकांचे पैसे संपतात आणि मिक्सिंग ‘स्टुडिओवाल्याला सांगितलंय, करून देतो’ यावर सोडलं जातं. माझा आग्रह आहे की अल्बमच्या खर्चात सगळ्यात मोठी एकच रक्कम मिक्सिंगची असावी. गाण्यामागे ५,००० धरले तर सहा गाण्यांचे ३०,०००. मिक्सिंग करणाऱ्याने लोकवाद्यं ऐकलेली असावीत. संबळाचा टणत्कार दाबून त्यावर कृत्रिम बास चढवला, तर ते मुंबईतल्या कुठल्याही भक्तिगीतासारखं वाजेल आणि परीक्षकाला त्यात वसमत सापडणार नाही. ठरवतानाच किती वेळा बदल करून मिळतील, ते विचारा. तीन फेऱ्या रास्त आहेत, त्यापुढे जादा पैसे. सुटे ट्रॅक हार्ड डिस्कवर तुमच्याकडे आलेच पाहिजेत, हेही त्याच वेळी ठरवा. वर्षभराने स्टुडिओचा संगणक बिघडला, तर तुमच्या हातात काही उरत नाही.

मास्टरिंग गाण्यामागे दीड हजार, एकूण ९,०००. ते मिक्सिंग करणाऱ्या माणसाकडूनच करून न घेता दुसऱ्या ताज्या कानांकडे द्यावं. सहाही गाण्यांची पातळी एकसारखी लागते की नाही, ते मोबाइलवर, ट्रॅक्टरच्या स्पीकरवर आणि हेडफोनवर, तिन्हीवर ऐकून मगच हो म्हणा.

मुखपृष्ठाला ४,००० आणि मंडळाचे चांगले फोटो व मराठी-इंग्रजी परिचय यासाठी ३,००० पुरतात. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी हवं आणि त्यावर फोन नंबर, चॅनलचं नाव किंवा प्रायोजकाचा फोटो नको. वितरक असं चित्र परत पाठवतात.

गाणं कुणाचं, हे कागदावर हवं

इथे आपली मंडळी फार भाबडी असतात. जुनं वाटतं म्हणून ते सगळ्यांचं, असं होत नाही. गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या शब्दांवर हक्क राहतो आणि ही वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजली जातात. नामदेव, जनाबाई, तुकोबा यांचे अभंग मुक्त आहेत, खुशाल घ्या. पण ‘इंद्रायणी काठी’ पुष्कळ जण संतांचा अभंग समजून गातात. ते ग. दि. माडगूळकरांनी ‘गुळाचा गणपती’ या १९५३ च्या चित्रपटासाठी लिहिलेलं गीत आहे. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्या शब्दांवर २०३७ अखेरपर्यंत हक्क आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, त्यांच्या भजनांचा काळ २०२८ अखेर संपतो. अण्णा भाऊ साठे १९६९, म्हणजे २०२९ अखेर. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या भीमगीतांवर २०६४ अखेरपर्यंत हक्क आहे. वामनदादांचं गीत घेऊन श्रेयनामावलीत ‘पारंपरिक’ लिहिणं हा कायद्याचा भंग तर आहेच, त्या थोर माणसावर अन्यायही आहे. परवानगी मागा, नाव लिहा.

चालीचंही तसंच. अभंगाचे शब्द मुक्त असले, तरी श्रीनिवास खळ्यांनी दिलेली चाल मुक्त नाही. ती उचलली तर यूट्यूबवर दावा लागतो आणि पुरस्काराच्या अर्जात तुम्ही ‘सर्व हक्क आमचे’ म्हणून खोटी सही करता. स्वतःची चाल लावा किंवा तुमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली घ्या आणि ती कुणाच्या घराण्यातून आली, हे नावानिशी लिहा.

स्वतः लिहिलेल्या-बांधलेल्या गाण्यांची नोंदणी सक्तीची नाही, हक्क निर्मितीबरोबरच मिळतो. पण वाद झाला तर नोंदणीचा कागद कामाला येतो. शुल्क शब्दांसाठी ५०० रुपये, चालीसाठी ५०० रुपये. अर्ज ऑनलाइन होतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. सहा गाण्यांचे शब्द आणि चाली मिळून ६,०००. ध्वनिमुद्रणाच्या नोंदणीला प्रत्येकी २,००० रुपये पडतात. पहिल्या अल्बमला ते १२,००० टाळले तरी चालेल.

टाळता येणार नाही असा कागद म्हणजे मंडळाचा आपसातला करार. पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीसह, दीड हजारात होतो. अल्बमची मालकी कुणाची, शब्द-चालीचं श्रेय कुणाला, उत्पन्न कसं वाटायचं, मंडळ सोडून गेलेल्याचं काय, हे त्यात साध्या मराठीत लिहा.

जगात सोडणं

अल्बम स्पॉटिफाय, अॅपल म्युझिक आणि बाकी ठिकाणी पोचवायला वितरक लागतो. डिस्ट्रोकिडला वर्षाला वीस-पंचवीस डॉलर पडतात आणि ते दरवर्षी भरावे लागतात. सीडी बेबी एकदाच शुल्क घेते आणि उत्पन्नातले ९ टक्के ठेवते. राउटनोटच्या फुकट योजनेत पैसे लागत नाहीत, पण १५ टक्के तिच्याकडे जातात. दरवर्षी आठवणीने पैसे भरणं जमणार नसेल, तर एकदाच भरायची योजना बरी, नाहीतर नूतनीकरण चुकलं की अल्बम गायब होण्याचा धोका. डॉलरमध्ये पैसे भरताना कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्या आणि बँक वर तीन-साडेतीन टक्के लावते, तेही धरा. सगळं मिळून २,००० रुपयांत बसतं. गाण्याला लागणारा बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक वितरकच देतो. ‘आयएसआरसी काढून देतो’ म्हणून कुणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका. हे क्रमांक जपून ठेवा, पुरस्काराच्या अर्जात विचारले जाऊ शकतात.

फाइल वितरकाकडे प्रकाशनाच्या महिनाभर आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं असेल, तर निदान सात दिवस आधी सुचवावं लागतं. प्रकाशनाची तारीख पुरस्काराच्या पात्रतेच्या मुदतीत बसते का, ते नियमावली समोर ठेवून ठरवा. काही पुरस्कार जानेवारी ते डिसेंबर धरतात, काही मधूनच सुरू करतात. दिवाळीला सोडायचा म्हणून सोडला आणि मुदत आधीच संपली होती, असं झालं तर वर्ष वाया.

स्ट्रीमिंगमधून खर्च निघेल, ही आशा ठेवू नका. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत हजारदा न ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही. आपल्याकडे पैसे निघतात ते सप्त्यात, जयंतीत, जागरणात आणि पेन ड्राइव्हमधून. सहा गाण्यांचा पेन ड्राइव्ह दोनशे-अडीचशेला घेणारे शेतकरी अजून आहेत, कारण ट्रॅक्टरवर तोच लागतो.

प्रवेश शुल्क : दहा हजारांची मर्यादा

हा आकडा मी ठरवला आहे आणि त्यावर ठाम आहे. शुल्क बहुधा विभागामागे असतं. एकच अल्बम ‘सर्वोत्तम अल्बम’, ‘सर्वोत्तम लोकसंगीत’, ‘सर्वोत्तम गायक’, ‘सर्वोत्तम मुखपृष्ठ’ अशा चार ठिकाणी घातला, की रक्कम चौपट होते. दोनच विभाग निवडा : अल्बमचा आणि तुमच्या प्रकाराचा. शुल्क नसलेल्या ठिकाणी आधी पाठवा.

पैसे भरण्यापूर्वी पाहा : परीक्षकांची नावं जाहीर आहेत का? मागच्या वर्षीचे विजेते कोण, त्यांचे अल्बम ऐकायला मिळतात का? आणि त्यांतला एक तरी ऐकून तुम्हाला मनापासून चांगला वाटला का? तुम्ही अर्ज न करताच ‘आपली निवड झाली आहे’ असा संदेश आला, शुल्क एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर मागितलं, मानचिन्हाचा ‘निर्मिती खर्च’ किंवा सोहळ्याचं टेबल विकत घ्यायला सांगितलं, तर तो पुरस्कार विकला जातोय. असा एक चषक घरात आला, की पुढच्या खऱ्या अर्जात तो लिहायची लाज वाटते. अशा चषकावर जाणाऱ्या पंधरा-वीस हजारांत तीन गाण्यांचं मिक्सिंग होतं.

अर्जासोबतचा परिचय दीडशे-दोनशे शब्दांचा पुरे, पण नेमका. ‘मराठवाड्याच्या मातीतले कलाकार’ यातून परीक्षकाला काही कळत नाही. कोणत्या गावचे, कोणत्या परंपरेतले, चाल कुणाकडून आली, कुठली वाद्यं, सगळं एकत्र वाजवून घेतलंय की तुकड्यांत, हे सांगा. गाण्यांच्या शब्दांचा साधा अर्थ इंग्रजीत जोडा. राष्ट्रीय पुरस्काराच्या परीक्षकांत मराठी कळणारे असतीलच असं नाही.

आता बेरीज. तालीम ५,०००, स्टुडिओ १९,२००, बिदागी २२,५००, जीप १०,०००, जेवण ४,८००, मिक्सिंग ३०,०००, मास्टरिंग ९,०००, मुखपृष्ठ ४,०००, फोटो-परिचय ३,०००, वितरण २,०००, नोंदणी ६,०००, करार १,५००, प्रवेश शुल्क १०,०००. एकूण १,२७,०००. त्यावर अडीअडचणीला दहा टक्के धरले, की एक लाख चाळीस हजारांच्या जवळ. स्टुडिओचा जीएसटी लागला तर तो याच दहा टक्क्यांतून निघतो. हे आकडे बजेट मांडण्यापुरते आहेत, स्टुडिओ आणि मिक्सिंगचे दर निदान तिघांकडून लेखी घ्या. पैसे कमी असतील तर आधी फोटो आणि नोंदणी कमी करा, मग गाणी सहाची पाच करा. बिदागी आणि मिक्सिंगला हात लावू नका.

मंडळात १८ ते २५ वयाचं कुणी शास्त्रीय किंवा लोकसंगीत शिकत असेल, तर केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची युवा कलाकार शिष्यवृत्ती पाहा. महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. ती अल्बमसाठी नसते, पण त्या घरातला कलाकार तालमीला मोकळा राहतो, हेही थोडं नाही.

नामांकन मिळालं तर सोहळ्याला जायचं कुणी? मुंबईला देवगिरी किंवा तपोवन नांदेड-परभणी मार्गाने जातात. देवगिरीच्या स्लीपरचं एका बाजूचं भाडं साडेतीनशे-चारशेच्या आसपास. पाच जणांचं जाणं-येणं, एक मुक्काम आणि जेवण मिळून बारा-पंधरा हजार लागतात. आयोजक प्रवासखर्च देतात का, हे निःसंकोच विचारा. देत नसतील तर गावाकडे मागा. हळदीचा व्यापारी, पतसंस्था, एखादं गणेश मंडळ एवढं नक्की करेल, आणि हे पैसे नामांकनाचं पत्र दाखवून मागता येतात. सगळ्यांना नेणं परवडत नसेल, तर गायकाबरोबर ढोलकीवाल्याला न्या.

रोख बक्षीस असेल तर त्यावर कर कापला जाऊ शकतो. ते एकाच्या खात्यात येईल आणि कराचा हिशेबही त्याच्याच पॅनवर लागेल. म्हणून कापून हातात आलेली रक्कम वाटायची, आधीची नाही, आणि कोरसवाल्यालाही त्यात वाटा आहे की नाही, हे त्याच पाचशेच्या मुद्रांकावर, रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवसाआधी लिहून घ्या.